दारामागचे दोन देश

आमचे घरमालक काका आमटी खाण्याआधी तिचा एक थेंब काचेवर घेत आणि खिडकीच्या उजेडात धरून बघत. नगरला सावेडीत त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारधर्म म्हणून वाटीभर आमटी नेऊन दिली, तर माझ्यादेखत हा प्रकार. शर्टाच्या खिशातून बोटभर लांबीची काचेची पट्टी निघाली, तिच्यावर थेंब पडला, काकांनी एक डोळा मिटला. मला वाटलं, मी काय विष कालवलंय का यात? काका म्हणाले, "डाळ अजून पाच मिनिटं शिजायला हवी होती, बाई." आणि मग सगळी आमटी वाटी पुसून खाल्ली. मी शाळेत शिक्षिका. दुसऱ्याची चूक काढायचा मक्ता माझा, त्यामुळे ते मला चांगलंच झोंबलं.

नंतर कळलं, की या माणसाची उभी हयात साखर कारखान्यात पॅनवर गेलेली. पॅन म्हणजे उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरवायचं अवाढव्य भांडं. पॅनमन थोड्या थोड्या वेळाने आतला पाक काचेवर काढतो, दिव्यापुढे धरतो, दाणा किती वाढलाय ते बघतो आणि वाफ कमी-जास्त करतो. काका याला 'नमुना काढणं' म्हणत. आधी आपल्याच जिल्ह्यात, मग सहा वर्षं सुदानमध्ये, मग चार वर्षं इथिओपियात त्यांनी नमुने काढले. आपल्याकडचे पॅनमन तिकडे जातात हे मला नवीन नव्हतं. सोनईच्या बाजूला माझं माहेर, तिथल्या आमच्या आळीतले दोघं-तिघं जाऊन आलेले. पण ते परत येतात, घर बांधतात आणि गप्प बसतात. काका परत आले ते दोन देश बरोबर घेऊनच.

हे देश त्यांच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर राहत. दार आतल्या बाजूने काळं रंगवलेलं, मधोमध खडूची उभी रेघ, एकीकडे 'सु', दुसरीकडे 'इ'. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला, तेव्हा दाराचं हे काय करून ठेवलंय म्हणून विचारणारं घरात कोणी नव्हतं. सकाळी उठून मोबाईलवर तिकडच्या बातम्या बघायच्या, मग खडू घेऊन दाराशी उभं राहायचं. 'पाव: मिळतो, पण रांग.' 'वीज: धरण घरचं, तरी जाते.' 'रस्ता: नवा, गुळगुळीत.' 'इंटरनेट: सरकारनेच बंद केलं.' 'डॉक्टर: संपावर.' तिकडे सरकार पडलं किंवा लष्कर आलं, की ओल्या फडक्याने अर्धं दार पुसायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. दोन सुनांतली बरी कोणती हे मरेपर्यंत न ठरवणाऱ्या सासूसारखा हा माणूस त्या दारापुढे उभा असे. खडू मीच शाळेतून आणून देत होते. तेवढी चोरी मी कबूल करते.

"काका, शेवटी दोघांत बरा कोणता?" मी एकदा विचारलं.

"बघायला गेलं तर इथिओपिया. रस्ते केले, रेल्वे केली, दहा-दहा मजली इमारती केल्या. पण इमारतीचा नमुना निघत नाही, बाई."

"मग कशाचा निघतो?"

"पाण्याचा."

सुदानमध्ये म्हणे घराघराबाहेर झाडाखाली मातीचे मोठे रांजण ठेवलेले असतात. झाडंही आपलीच, कडुनिंबाची. रस्त्याने जाणारा कोणीही थांबतो, पाणी पितो, निघून जातो. कोणी कोणाला तू कोण, कुठला, असं विचारत नाही. ज्याच्या घरात सकाळच्या पावाची पंचाईत, त्याच्याही दारात रांजण भरलेला. काकांनी आपल्या फाटकाबाहेरही तसाच रांजण ठेवला होता आणि वर स्टीलचा मग. तो चोरीला जायचा. काका नवा आणून ठेवायचे. तोही जायचा. मी म्हटलं, "काका, साखळी लावा ना." तर माझ्याकडे असे बघायला लागले, की मी जणू पाण्यात थुंकायलाच सांगितलंय. "तिथं साखळी नसते," म्हणाले.

इथिओपियावर ते अन्याय करत होते असंही नाही. तिथल्या बायका तुमच्यासमोर कॉफीच्या बिया भाजतात, कुटतात, एकामागून एक तीन कप पाजतात आणि दिवसभर बसलात तरी उठा म्हणत नाहीत, हे ते इतक्या प्रेमाने सांगत, की ऐकताना मला तो भाजल्याचा वास यायचा. इंजेरा म्हणजे आपली आंबोळीच, फक्त ताटाएवढी, असंही सांगत. "पण घराबाहेर पडलं," काका म्हणत, "की माणूस माणसाला आधी विचारायला लागला होता, तू कोणत्या भागातला, तुझी भाषा कोणती, तू कुणातला. हे विचारणं सुरू झालं की दाणा बिघडला समजा. मग कितीही वाफ द्या." आपल्याकडचं मला काहीच आठवलं नाही, असं मी दाखवलं.

एकदा मात्र मी न राहवून विचारलं, "या दारावर आपलं नाव कुठाय? सु झालं, इ झालं. आपला नमुना?"

काका हातातला खडू खिशात ठेवत म्हणाले, "जिथं राहायचं तिथला नमुना काढायचा नसतो. काढला तर राहवत नाही."

माझा धाकटा भाऊ संजू. मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलं असं म्हटलं तर आई चिडायची, पण ते खरं आहे. तोही पॅनवरच. आमच्या बाजूच्या एका कारखान्यात लागला, हात चांगला बसला, आणि कारखाना बंद पडला. एक हंगाम गेला, दुसरा गेला, चिमणीतून धूर निघायचं नाव नाही. संजू घरी बसून म्हशी बघायचा आणि आईचे टोमणे ऐकायचा. लग्नाचं बोलणं दोनदा होऊन मोडलं. मुलीकडचे पहिला प्रश्न हाच विचारायचे, की कारखाना कधी सुरू होणार? त्याला कोण काय उत्तर देणार.

अशात पुण्याच्या एका एजंटाकडून त्याला दोन जागा सांगून आल्या. एक सुदानची, एक इथिओपियाची. संजू मोटारसायकल काढून थेट सावेडीला आला, मला भेटायच्या आधी खाली काकांकडे गेला आणि मग वर येऊन म्हणाला, "ताई, काकांनी तीन दिवस मागितलेत."

ते तीन दिवस मी विसरणार नाही. काकांनी दार धुवून कोरडं केलं, नवी रेघ मारली. इथिओपियाच्या उत्तरेला तेव्हा लढाई चालू होती, तिकडचे फोन बंद होते. सुदानात लष्कर खुर्चीवर बसलेलं, पोरं रस्त्यावर उतरत होती, पाव महाग झाला होता. काकांनी सगळं लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. इद्रिसला फोन लावला. हा इद्रिस सुदानच्या कारखान्यात त्यांच्या हाताखालचा माणूस, दर ईदला तो काकांना मोबाईलवर आवाज पाठवायचा आणि काका तो आम्हाला ऐकवायचे. त्यातलं मला एक अक्षर कळायचं नाही, पण शेवटी तो 'नगर, नगर' म्हणून हसायचा तेवढं कळायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी संजूला बोलावलं. मीही गेले.

"सुदान," काका म्हणाले. "पोरं दंगा करतात, लष्कर गोळ्या घालतं, सगळं खरं. पण ते खार्टूमात. कारखाना लांब, नाईलच्या काठाला. आणि ज्या देशात दारोदार पाणी ठेवतात, तिथं आपला माणूस मरत नाही. मी सहा वर्षं नमुना काढलाय."

मी शिक्षिका आहे, मला तेव्हाच विचारायला हवं होतं, की काका, हा नमुना कधीचा? पॅनमधला पाक पाच मिनिटांपूर्वी काढलेल्या नमुन्यावर कोणी चालवत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. आणि हा माणूस पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या काचेवर एक अख्खा देश चालवत होता. मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला सुचायला नको होतं. संजूच्या तोंडावर इतक्या दिवसांनी हसू आलं होतं.

संजू गेला. पहिले काही महिने छान गेले. रोज फोटो. कारखाना, नदी, कडुनिंब, कडुनिंबाखाली चहा विकणारी बाई. इद्रिसने त्याला घरी जेवायला नेलं. "मला लई चांगलं वागवत्यात, ताई," म्हणायचा. काका माझ्या मोबाईलवर फोटो मोठा करून रांजण शोधायचे. सापडला की बोट ठेवायचे. "बघा," म्हणायचे, दुसरं काही नाही.

आणि एका सकाळी खार्टूममध्ये लष्कराचेच दोन तट एकमेकांवर विमानं आणि तोफा घेऊन उठले. सगळ्या जगाने ते पाहिलं, मी वेगळं काय सांगू. आपली माणसं जहाजाने, विमानाने परत येऊ लागली. संजू येईना. त्याचा पासपोर्ट तिथल्या मुक्कामाच्या परवान्यासाठी खार्टूमच्या ऑफिसात गेला होता आणि तिथंच अडकला होता. ऑफिसातला माणूस सुरुवातीला फोन उचलायचा. सांगायचा, इथंच आहे, मिळेल, घाई करू नका. संजू त्यावर विसंबून राहिला. आज, उद्या, पुढच्या आठवड्यात. मग तो फोन लागेनासा झाला, आणि पुढे पुढे संजूचाही आठवड्यात एकदा लागायला लागला.

त्या महिन्यांत मी काकांशी बोलत नव्हते. भाडं माझ्या मुलीच्या हाती खाली पाठवायचे. नवरा बदलीच्या गावी, तो फोनवर म्हणायचा, म्हाताऱ्यावर कशाला राग काढतेस, त्याने काय लढाई लावली? बरोबर होतं त्याचं. तरी माझ्या मनातून जायचं नाही, की दोन नावांपैकी एक या माणसाने उच्चारलं होतं. काका जिन्याखाली उभे राहून विचारायचे, "बाई, फोन?" मी "नाही" म्हणून वर निघून जायचे. एवढं निष्ठुर मी दुसऱ्या कोणाशी वागलेले नाही.

शेवटी संजूला इद्रिसनेच बाहेर काढलं. आपल्या थोरल्या मुलाबरोबर तिळाच्या ट्रकमधून त्याला पूर्वेच्या सीमेपर्यंत पोचवलं. सीमेपलीकडे इथिओपिया. तिथं निर्वासितांच्या तंबूत हिवतापाने फणफणत तो पडून होता, तेव्हा एका बाईने त्याला तीन कप कॉफी पाजली. मग पासपोर्टाऐवजी आपल्या वकिलातीने दिलेल्या एका पांढऱ्या कागदावर तो मुंबईला उतरला. मी त्याला आणायला गेले, तर माझ्याच शेजारून पुढे गेला. मी त्याला ओळखलं नाही. नुसता शर्टच चालत आल्यासारखा.

आल्यावर दोन दिवसांनी तो खाली काकांकडे गेला. मी मागोमाग गेले, भांडण होणार म्हणून. झालं नाही. संजू काकांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, तुमी खोटं न्हवता. वाटंनं समदीकडं रांजण हुते. भरल्याले. आमी पानी प्यायलो. घरात मान्सं न्हवती."

काकांनी इद्रिसचं विचारलं. इद्रिस ट्रकबरोबर आलाच नव्हता, म्हातारी आई हलत नाही म्हणून गावात मागे राहिला होता. त्या वर्षीच्या ईदला काका दिवसभर मोबाईल मांडीवर घेऊन बसले. आवाज आला नाही. पुढच्या ईदलाही आला नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जायला निघाले तर फाटकाबाहेरचा रांजण उपडा घातलेला आणि काका झाडाच्या पारावर बसलेले. मागचं दार त्यांनी पुसून टाकलं होतं, मधली रेघसुद्धा. मी पुन्हा त्यांच्याशी बोलायला लागले ती तेव्हापासून. पण ते बोलणं आता 'जेवलात का' आणि 'पाणी आलं का' एवढंच उरलं होतं. काचेची पट्टी मी परत कधी पाहिली नाही. आमटी दिली की नुसती खायचे.

संजू माझ्याकडेच राहिला. गावी जायला तयार नव्हता, लोक विचारतात म्हणून. वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचा. कारखाना बंदच होता. त्याची यंत्रं कोणीतरी विकत घेणार असं ऐकू येत होतं, ते तीन वर्षं ऐकूच येत राहिलं. कधी जेवायचा, कधी नाही. आणि एक दिवस उठून दाढी करून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला इतकं बरं वाटलं. म्हणाला, "ताई, नवा पासपोर्ट आलाय. एजंटाचा फोन हुता. इथिओपियात जागा हाय."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "अरे, मरता मरता वाचून आलास ना?"

"मग हितं काय हाय?" तो म्हणाला. रागाने नाही. खरंच विचारत होता.

आम्ही दोघं खाली गेलो. संजूने पासपोर्ट काकांच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "काका, तिकडं आता बरं हाय म्हनं. तुमचं काय म्हननं?"

"तिकडची लढाई आता दुसऱ्या भागात गेली," काका म्हणाले. "बंद नाही झाली."

"तुमी न्हाई म्हनलात तरी जायचंच हाय. तुमी व्हय म्हनलं तर बरं वाटंल, एवढंच."

काका पासपोर्टची पानं उलटत राहिले. कोरी पानं. "राहू दे माझ्याकडं," म्हणाले. "अर्ज मी भरून देतो." याआधीचे सगळे अर्ज त्यांनीच भरले होते, त्यामुळे संजू तो तिथं ठेवून वर आला. आठवड्याने मागायला गेला तर काका म्हणाले, "मी तुला त्याच दिवशी परत दिला की रे." संजूने वाद घातला नाही. लढाईतून आल्यापासून तो बऱ्याच गोष्टी विसरायला लागला होता. दोष आपल्यालाच लावून त्याने माझं घर उलथंपालथं केलं, गाद्या उसवायच्या तेवढ्या राहिल्या. एजंट थोडे दिवस थांबला आणि जागा दुसऱ्याला गेली.

त्यानंतर काका फार दिवस सावेडीत राहिले नाहीत. मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. निघायच्या दिवशी त्यांनी मला एकटीला मागच्या दाराशी बोलावलं आणि सदऱ्याच्या आतून पासपोर्ट काढला.

"एकदा मी जा म्हणालो, ते चुकलं," काका म्हणाले. "या वेळी जाऊ दिलं नाही, तेही चुकलं असेल. रोज वरून त्याच्या पायांचा आवाज येतो, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला आता कुठलाच नमुना कळत नाही, बाई. द्यायचा असेल तर तुम्ही द्या." आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. ते मला बघवलं नाही. मी पासपोर्ट घेतला आणि पदराखाली धरून वर आले.

संजू झोपला होता. मी उशाशी उभी राहिले. देऊन टाकायचं ठरवून आले होते. पण त्याच्या मनगटाकडे बघितलं, अजून भरलं नव्हतं, आणि स्वयंपाकघरात जाऊन पासपोर्ट पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसला. चार दिवसांनी देऊ म्हटलं. चार दिवसांनी परत म्हटलं, अजून चार दिवस.

काका त्या थंडीत पुण्यालाच वारले. त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, की शेवटी शेवटी त्यांना जेवण भरवताना ते चमच्याकडे बघत राहायचे, तोंड उघडायचे नाहीत. मी ऐकून घेतलं. ते काय बघत होते, हे तिला सांगत बसले नाही. खालच्या घरात आता नवे भाडेकरू आलेत. त्यांनी मागचं दार पिवळं रंगवलं, आणि रांजणात कोरफड लावली.

संजू केडगावला एका गोडाऊनवर टेम्पो भरून द्यायचं काम करतो. तिथंच खोली केली आहे. दर रविवारी येतो, चहा घेतो, माझ्या मुलीच्या वह्या उगाच चाळतो. त्याचं लग्न ठरलेलं नाही. हसायचं त्याने बंद केलंय, तक्रारही करत नाही. मी त्याला वाचवलं की पुरलं, हे मला कळत नाही, आणि ज्याला विचारलं असतं तो माणूस आता नाही.

परवाही आला होता. मी भातासाठी तांदूळ काढत होते. चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "ताई, सापडला का गं?"

"नाही रे. बघतेय."

"दुसरा काढाया टाकू का? पोलिसात कागद द्यावा लागतोय."

मी डब्याचं झाकण लावलं. "इथंच आहे घरात," मी म्हणाले. "मिळेल. घाई करू नकोस."

संजूने मान हलवली आणि राहिलेला चहा पिऊन टाकला. खार्टूमच्या ऑफिसातल्या माणसावरही त्याने असाच विश्वास ठेवला होता.